उजेड आणि नायट्रोजन: सागरी वनस्पतिप्लवकांची उचल मोजण्याची पद्धत

वनस्पतिप्लवक (पाण्यात तरंगणारे, प्रकाशसंश्लेषण करणारे सूक्ष्म जीव) आणि उजेड म्हटले की डोळ्यांपुढे प्रकाशसंश्लेषणाचा आलेख येतो: अंधारात शून्य, मग चढ, मग सपाटी. नायट्रोजनच्या उचलीचा आलेखही तसाच असणार असे धरून प्रयोग आखला की पहिली चूक तिथेच होते. नायट्रोजनची रेषा शून्यातून निघत नाही. काळ्या बाटलीतल्या पेशीसुद्धा अमोनियम उचलतात, बऱ्याचदा थोडेफार नायट्रेटही उचलतात, आणि ही उचल खरी असते. प्रकाशसंश्लेषण मोजण्यासाठी कार्बन-१४ची पद्धत वापरणाऱ्यांना अंधार बाटलीचा आकडा वजा करायची सवय असते. ती सवय इथे आणली तर अमोनियमच्या उचलीचा मोठा वाटा कागदावरून पुसला जातो आणि नायट्रेटचे महत्त्व विनाकारण फुगते. म्हणून पुढची सगळी आखणी एका नियमाभोवती आहे: अंधार बाटली हे मोजमाप आहे, कोरा नमुना नव्हे. कोरा नमुना वेगळा घ्यावा लागतो.

पेशीला उजेड कशाला लागतो

नायट्रेट आत घ्यायला ऊर्जा लागतेच, पण खरा खर्च पुढे आहे. नायट्रेटचे नायट्राइट करायला २ इलेक्ट्रॉन लागतात. नायट्राइटचे अमोनियम करायला आणखी ६ लागतात आणि हे काम हरितलवकात, प्रकाशक्रियेतून मिळणाऱ्या क्षपित (इलेक्ट्रॉन मिळालेल्या) फेरेडॉक्सिन या प्रथिनाच्या जोरावर चालते. म्हणजे एका नायट्रेटमागे ८ इलेक्ट्रॉन. अमोनियमला हा खर्च नाही. त्याला ग्लुटामिनमध्ये बांधायला एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) आणि पुढे ग्लुटामेट करायला थोडी क्षपणशक्ती एवढे पुरते, आणि ती साठवलेल्या कर्बोदकांतूनही मिळू शकते. म्हणून सहसा नायट्रेटची उचल उजेडाला जास्त बांधलेली असते आणि अमोनियमची कमी.

यात लोहाचाही हात आहे. नायट्रेट रिडक्टेज आणि नायट्राइट रिडक्टेज या दोन्ही विकरांना लोह लागते, प्रकाशक्रियेच्या यंत्रणेला तर भरपूर लागते. दक्षिण महासागरासारख्या लोहटंचाईच्या पाण्यात उजेड कमी पडला की नायट्रेट वापरणे दुहेरी महाग होते. तिथल्या आलेखाचा उतार मंद दिसला तर केवळ उजेडाकडे बोट दाखवू नये.

शिवाय सगळे प्लवक एकसारखे नसतात. डायटम (सिलिकाचे कवच असलेले प्लवक) नायट्रेट रिक्तिकेत (पेशीतल्या द्रवाच्या पिशवीत) साठवू शकतात, त्यामुळे उचल आणि प्रत्यक्ष वापर यांत काही तासांचे अंतर पडते. प्रोक्लोरोकोकस या अतिसूक्ष्म सायनोबॅक्टेरियाच्या कित्येक वाणांना नायट्रेट वापरताच येत नाही. पाण्यात कोण आहे हे ठाऊक नसेल, तर दोन ठिकाणचे आलेख वेगळे का आले याचे उत्तर फक्त उजेडात शोधत बसाल.

आधी प्रश्न पक्का करा

दोन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची सरमिसळ फार होते. पहिला: या पाण्यात, आहे त्या पोषकद्रव्यांवर, वेगवेगळ्या खोलीवर उचल किती? यासाठी ट्रेसर (उचलीचा माग काढण्यासाठी घातलेले, नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाचे नायट्रेट किंवा अमोनियम) अगदी थोडा घालायचा, मूळ प्रमाणाच्या १० टक्क्यांच्या आत. दुसरा: या पेशींची उचलण्याची यंत्रणा उजेडाला कसा प्रतिसाद देते? यासाठी पोषकद्रव्य भरपूर हवे, उदाहरणार्थ १० मायक्रोमोल प्रति लिटर, म्हणजे मर्यादा फक्त उजेडाची उरते.

नायट्रेट ०.१ मायक्रोमोल असलेल्या पाण्यात ट्रेसर-मात्रेने उजेडाचा आलेख काढला तर तो जवळपास सपाट येतो. ‘इथल्या प्लवकांना उजेडाची गरज नाही’ असा त्याचा अर्थ नव्हे. उजेड आड येण्याआधीच नायट्रेट संपते, इतकेच. उलट भरपूर मात्रा घालून मिळालेला दर ही संभाव्य क्षमता असते. तो समुद्रातला प्रत्यक्ष दर म्हणून छापू नये.

उजेडाचे टप्पे

प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड, ४०० ते ७०० नॅनोमीटरचा, मायक्रोमोल फोटॉन प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. भर दुपारी निरभ्र आकाशाखाली तो २००० च्या आसपास असतो. आलेखासाठी टप्पे समान अंतराने घेऊ नका. ०, ५, १०, २५, ५०, १००, २००, ४००, ८०० आणि १५०० अशी साधारण दुपटीची मांडणी करा. आलेखाचे वळण तळाशी असते, आणि २००, ४००, ६००, ८०० असे टप्पे घेणाऱ्याला फक्त सपाटी सापडते.

जहाजाच्या डेकवरच्या टाक्या वापरत असाल तर पृष्ठभागाच्या १००, ५०, ३०, १५, ५ आणि १ टक्का हे टप्पे चालतात. कोणता टक्का कोणत्या खोलीवर, हे उजेडमापकाच्या उभ्या नोंदीवरून काढणे उत्तम. मापक नसेल तर सेक्की चकतीने (दिसेनाशी होईपर्यंत पाण्यात सोडायच्या चकतीने) काम भागते: क्षीणन गुणांक, म्हणजे उजेड खोलीबरोबर किती झपाट्याने घटतो याचा आकडा, म्हणजे १.७ भागिले चकती दिसेनाशी होण्याची खोली. चकती १० मीटरवर दिसेनाशी झाली तर गुणांक ०.१७, आणि १ टक्का उजेडाची खोली ४.६ ÷ ०.१७, म्हणजे सुमारे २७ मीटर. गढूळ किनारी पाण्यात १.७ ऐवजी १.४४ घ्यावे, असा प्रघात आहे.

जाळीचे थर लावून उजेड कमी करताना चार गोष्टी बिघडतात. बाजूने उजेड शिरतो. म्हणून जाळीची पिशवी तळासकट शिवलेली हवी. थरांचा गुणाकार कागदावर जुळतो पण प्रत्यक्षात थर एकमेकांवर कसे बसले यावर बदलतो. म्हणून प्रत्येक टप्पा मोजूनच घ्या. मापन बाटलीच्या आत, पाणी भरून, गोल संवेदकाने करा. सपाट संवेदक फक्त वरून येणारा उजेड मोजतो आणि बाटलीतल्या पेशींना चहूबाजूंनी मिळणारा उजेड कमी दाखवतो.

चौथी गोष्ट रंगाची. खोल पाण्यात उरतो तो निळा उजेड. साध्या करड्या जाळीने आकडा जुळेल, पण पांढऱ्या उजेडातले लाल-पिवळे फोटॉन पेशी कमी शोषतात. १५ टक्क्यांखालच्या टप्प्यांना निळे फिल्टर लावा किंवा निळे एलईडी वापरा. एलईडी वापरताना तापमानावर डोळा ठेवा. वरच्या टप्प्यांच्या बाटल्या तापल्या तर चढलेला दर उजेडाचा की उष्णतेचा, हे नंतर सांगता येत नाही. सगळ्या बाटल्यांमधला फरक १ अंश सेल्सिअसच्या आत हवा.

पॉलिकार्बोनेटच्या बाटल्या बरेचसे अतिनील किरण अडवतात. पृष्ठभागावरचा दर काढताना ही सवलत पेशींना समुद्रात मिळत नसते, हे लक्षात ठेवूनच निष्कर्ष लिहा.

पाणी घेणे

बाटल्या १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून, शुद्ध पाण्याने तीनदा आणि त्याच समुद्राच्या पाण्याने एकदा विसळा. नमुना घेण्याच्या साधनात काळे रबर नको. ते प्लवकांना विषारी ठरते. खोलीवरचे पाणी वर आणताना अपारदर्शक कापड किंवा काळी पिशवी वापरा. १ टक्का उजेडात राहणाऱ्या पेशींना डेकवरच्या उन्हात दोन मिनिटे ठेवले तरी धक्का बसतो. पहाटे उजाडण्याआधी पाणी घेणे हा यावरचा सोपा उपाय.

पाणी २०० मायक्रोमीटर जाळीतून हळूच गाळा. मोठे प्राणिप्लवक बाटलीत राहिले तर ते चरतात आणि अमोनियम सोडतात; एका कोपेपॉडने (प्लवक खाणाऱ्या छोट्या कवचधारी प्राण्याने) एक बाटली वेगळीच वागते आणि कारण कळत नाही.

पोषकद्रव्ये त्याच वेळी मोजा. अमोनियम सगळ्यात नाजूक. हातांचा घाम, सिगारेटचा धूर, अमोनिया असलेले फरशी धुण्याचे द्रव यांतल्या कशानेही ते दूषित होते. ०.१ मायक्रोमोलच्या पाण्यात ०.२ मोजले गेले तर पुढचा समृद्धीचा (नायट्रोजन-१५ च्या वाट्याचा) सगळा हिशेब चुकतो. अमोनियमसाठी ओपीए (ऑर्थोथॅलडायल्डिहाइड) प्रतिदीप्ती पद्धत कमी प्रमाणात भरवशाची आहे.

ट्रेसरची मात्रा

नायट्रोजन-१५ किरणोत्सारी नाही, त्यामुळे परवाने लागत नाहीत. पण तो सगळीकडे पसरतो. नैसर्गिक नमुन्यांची पिपेट आणि ट्रेसरची पिपेट एकच असू नये.

नायट्रोजन-१५ पोटॅशियम नायट्रेट १०२.१ मिलिग्रॅम १०० मिलिलिटर शुद्ध पाण्यात विरघळवले की १० मिलिमोल प्रति लिटरचे मूळ द्रावण होते. अमोनियम क्लोराइड असेल तर ५४.५ मिलिग्रॅम. दहापट विरल करून १ मिलिमोलचे कामाचे द्रावण बनवा.

समजा नायट्रेट ५ मायक्रोमोल प्रति लिटर आहे आणि बाटली १ लिटरची. १० टक्के म्हणजे ०.५ मायक्रोमोल, म्हणजे कामाच्या द्रावणाचे ०.५ मिलिलिटर. अमोनियम ०.२ मायक्रोमोल असेल तर ०.०२ मायक्रोमोल, म्हणजे केवळ २० मायक्रोलिटर. इतक्या कमी मात्रेत पिपेटची चूक मोठी ठरते. अशा वेळी द्रावण आणखी दहापट विरल करून २०० मायक्रोलिटर घाला.

बाटल्यांची मांडणी

नायट्रेट आणि अमोनियमच्या बाटल्या वेगळ्या. प्रत्येकाला दहा टप्पे, त्यांतला शून्य म्हणजे काळी बाटली. काळ्या बाटलीला आधी काळी चिकटपट्टी, वर अ‍ॅल्युमिनियमचा कागद. नुसत्या कागदाला भोके पडतात. काळी बाटली आणि तळचे दोन टप्पे दोन-दोन घ्या, कारण आलेखाचा पाया त्यांच्यावर उभा आहे. वरच्या सपाटीवर जोड्या लावण्यात बाटल्या खर्च करू नयेत.

आणि कोरा नमुना: एका बाटलीत ट्रेसर घालून ताबडतोब गाळा. फिल्टरला नुसता चिकटलेला ट्रेसर त्यात दिसतो. वजा करायचे असेल ते हे.

ट्रेसर घालताना मंद उजेड ठेवा, आणि काळी बाटली सगळ्यात आधी भरा. शेवटी भरली तर तोवर ती उजेडात राहिलेली असते.

किती वेळ ठेवायचे

नायट्रेटला ४ ते ६ तास ठीक. अमोनियमला तोच वेळ देणे ही सर्वात जास्त दिसणारी चूक आहे. वरच्या उदाहरणात बाटलीत एकूण ०.२२ मायक्रोमोल, म्हणजे २२० नॅनोमोल अमोनियम आहे. उचल तासाला ३० नॅनोमोल असेल तर ४ तासांत १२० नॅनोमोल, म्हणजे निम्म्याहून जास्त साठा संपतो. शेवटच्या तासात पेशी वेगळ्याच पाण्यात असतात. म्हणून १ ते २ तास, आणि गरिबीच्या पाण्यात त्याहून कमी.

मात्र फार थोडा वेळही फसवतो. नायट्रोजनला भुकेलेल्या पेशी अमोनियम मिळताच पहिली काही मिनिटे झपाट्याने उचलतात. १० मिनिटांचा दर तासाला लावला तर आकडा फुगतो. शंका असेल तर एका टप्प्यावर १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांची मालिका करा. उचल वेळेशी सरळ रेषेत वाढते तोवरचाच काळ वापरा.

काळ्या बाटलीलाही काळाचा परिणाम जाणवतो. साठवलेल्या कर्बोदकांवर चालणारी उचल पहिल्या तासात चांगली असते, पुढे मंदावते. काळ्या बाटलीचा वेळ उजेडातल्या बाटल्यांइतकाच ठेवा, आणि त्या पेशी आधी किती वेळ उजेडात होत्या ते लिहून ठेवा.

सगळे टप्पे एकाच वेळी चालवा. नायट्रेट रिडक्टेजला दिवसाची लय असते. खालचे टप्पे सकाळी आणि वरचे दुपारी केले तर आलेखात उजेडाबरोबर घड्याळही मिसळते.

गाळणे

जीएफ/एफ (काचतंतूंचे) फिल्टर ४५० अंशांवर ४ तास भाजून घ्या. निर्वात दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास किंवा कमी. जास्त ओढले की नाजूक पेशी फुटतात आणि आतले नायट्रोजन खाली निघून जाते. काळी बाटली आधी गाळा. शेवटी गाळलेल्या समुद्राच्या पाण्याने फिल्टर थोडा विसळा. शुद्ध पाण्याने नको, पेशी फुगून फुटतात. ६० अंशांवर २४ तास वाळवून डेसिकेटरमध्ये ठेवा. शेजारी अमोनिया किंवा तीव्र आम्ले नसावीत.

१ मायक्रोमोल नायट्रोजन म्हणजे १४ मायक्रोग्रॅम. नायट्रोजन-१५ चा वाटा मोजणाऱ्या वस्तुमानमापकाला (मास स्पेक्ट्रोमीटरला) किमान किती लागते हे प्रयोगशाळेला आधीच विचारा आणि त्यावरून बाटलीचे आकारमान ठरवा. पोषकद्रव्ये कमी असलेल्या निळ्या पाण्यात १ लिटर पुरत नाही, ४ लिटर लागू शकते. नमुने कमी समृद्धीकडून जास्तीकडे चालवायला सांगा, नाहीतर आधीच्या नमुन्याचा अंश पुढच्यात येतो.

जीएफ/एफची छिद्रे ०.७ मायक्रोमीटर मानली जातात. सर्वात लहान पेशी काही प्रमाणात निसटतात, आणि उलट काही जिवाणू अडकतात. हे जिवाणू अंधारातही अमोनियम घेतात. काळ्या बाटलीची उचल सगळीच प्लवकांची नसते. ती खोटी नसली तरी तिचे धनी दोन आहेत. ते वेगळे करायचे तर आकारानुसार गाळणी करा.

हिशेब

ही समस्थानिकाची पद्धत डगडेल आणि गोअरिंग यांनी १९६७ मध्ये नव्या (नायट्रेटवरच्या) आणि पुनर्चक्रित (अमोनियमवरच्या) उत्पादनाची मांडणी करताना वापरली. सूत्र साधे आहे:

विशिष्ट उचल = (कणांतील अतिरिक्त अणुटक्के) ÷ (पाण्यातील अतिरिक्त अणुटक्के × वेळ)

उचलीचा दर = विशिष्ट उचल × कणांतील नायट्रोजन

अणुटक्के म्हणजे एकूण नायट्रोजनमधला नायट्रोजन-१५ चा वाटा. त्याची नैसर्गिक पातळी ०.३६६ टक्के, तिच्या वरचे ते अतिरिक्त. वरच्या नायट्रेटच्या बाटलीत ९८ टक्के समृद्ध ट्रेसर घातला: (५ × ०.३६६ + ०.५ × ९८) ÷ ५.५ = ९.२४ टक्के, म्हणजे अतिरिक्त ८.८८. चार तासांनी कणांत १.२५ टक्के सापडले तर अतिरिक्त ०.८८४. भागाकार ०.८८४ ÷ (८.८८ × ४) = ०.०२४९ प्रति तास. कणांतील नायट्रोजन १.२ मायक्रोमोल प्रति लिटर असल्यास दर सुमारे ०.०३० मायक्रोमोल प्रति लिटर प्रति तास.

अमोनियमला हे जसेच्या तसे लावू नका. बाटलीतले सूक्ष्मजीव साधे अमोनियम सोडत राहतात, त्यामुळे ट्रेसर विरळ होतो आणि दर कमी दिसतो. एका जादा बाटलीतून सुरुवातीचे आणि शेवटचे अमोनियम वेगळे करून त्याची समृद्धी मोजा. पाणी मॅग्नेशियम ऑक्साइडने अल्कधर्मी केले की अमोनिया वायूरूपाने निघतो. तो आम्ल लावलेल्या फिल्टरवर पकडता येतो. हिशेबात सुरुवातीची नव्हे, सरासरी समृद्धी घ्या. हा दोष सगळ्या टप्प्यांवर सारखा असतो असे समजू नका: उचल आणि अमोनियम सोडणे यांचे प्रमाण टप्प्यागणिक बदलते, म्हणजे आलेखाचा आकारच बदलू शकतो.

रेषा बसवणे

मॅकआयझॅक आणि डगडेल यांनी १९७२ मध्ये उजेड आणि उचल यांचे नाते मायकेलिस-मेंटेन रूपात (आधी चढणाऱ्या, मग सपाट होणाऱ्या वक्राच्या रूपात) मांडले. अंधाराची उचल धरून ते असे लिहा:

दर = अंधारदर + उजेडातील कमाल वाढ × उजेड ÷ (अर्धसंपृक्ती उजेड + उजेड)

अर्धसंपृक्ती उजेड म्हणजे कमाल वाढीच्या निम्मी वाढ देणारा उजेड. काळ्या बाटलीचा आकडा या मांडणीत आपोआप योग्य जागी बसतो. रेषा अरैखिक पद्धतीने बसवा; व्यस्त मूल्ये काढून सरळ रेषा ओढू नका, तळाच्या टप्प्यांची छोटी चूक तिथे प्रचंड होते. वरच्या उजेडात दर उतरत असेल तर प्लॅट, गॅलेगोस आणि हॅरिसन यांच्या १९८० च्या सूत्राला अंधारदर जोडून वापरा, पण उतार दाखवणारे किमान तीन टप्पे हाती असतील तरच. एका बिंदूवरून उजेडाचा अपाय सिद्ध होत नाही; ती एखादी तापलेली बाटलीही असू शकते.

दिवसाचा आकडा

दुपारचा दर २४ ने गुणला तर नायट्रेट फुगते, १२ ने गुणला तर रात्रीची उचल हरवते. तासागणिक उजेड घेऊन दर काढा आणि रात्रीसाठी अंधारदर धरा. एक काल्पनिक उदाहरण: दुपारी नायट्रेट ३० आणि अमोनियम २० नॅनोमोल प्रति लिटर प्रति तास, म्हणजे नव्या उत्पादनाचा वाटा ०.६. आता दिवसाची सरासरी अनुक्रमे २४ आणि १८, रात्रीचा दर ४ आणि १२ असेल, तर १२-१२ तासांचे नायट्रेट ३३६ आणि अमोनियम ३६०. वाटा उतरून ०.४८ होतो. आकडे बनवलेले असले तरी फरक याच दिशेने पडतो.

कार्बनशी तुलना करताना हेच भान लागते. प्लवकांतले कार्बन आणि नायट्रोजन यांचे सरासरी प्रमाण १०६:१६, म्हणजे ६.६. मंद उजेडात कार्बनची उचल नायट्रोजनपेक्षा वेगाने घटते आणि प्रमाण ६.६ च्या खाली येते. भर उजेडात ते वर जाते. दुपारी हे प्रमाण १५ आले म्हणून पेशी नायट्रोजनला मुकल्या, असे लगेच म्हणू नये. रात्रीची अंधारातली उचल मिळवून मग बघा.

आकडे पटत नाहीत तेव्हा

नायट्रेटची उचल सगळ्याच टप्प्यांवर नगण्य आली तर आधी अमोनियमचा आकडा पाहा. ते १ मायक्रोमोलच्या आसपास किंवा वर असेल तर नायट्रेटची उचल दबलेली असू शकते, कितीही उजेड दिला तरी.

काळ्या बाटलीची उचल उजेडातल्या बाटल्यांइतकीच आली तर तीन शक्यता क्रमाने तपासा: कोऱ्या नमुन्यातही तेवढेच सापडते का, म्हणजे विसळणी अपुरी, आवरणातून उजेड शिरला का, आणि जिवाणूंचा वाटा किती. तिन्ही नसतील तर पेशी भुकेल्या आहेत आणि आलेख बरोबर आहे.

भर उजेडात, थंड पाण्यात, डायटमबहुल नमुन्यात नायट्रेटची उचल वाढीच्या गरजेपेक्षा जास्त आली तर तीही चूक मानू नका. जादा इलेक्ट्रॉनांना वाट करून देण्यासाठी डायटम नायट्रेट क्षपित करतात आणि नायट्राइट, अमोनियम किंवा विद्राव्य सेंद्रिय नायट्रोजन बाहेर टाकतात, असा पुरावा आहे. हे बाहेर टाकलेले फिल्टरवर दिसत नाही, म्हणून अशा पाण्यात गाळलेल्या द्रवाचाही नमुना गोठवून ठेवा. मंद उजेडातही नायट्राइट बाहेर पडते, पण कारण उलटे: पहिले २ इलेक्ट्रॉन जुळतात, पुढचे ६ जुळत नाहीत. प्रकाशित थराच्या तळाशी दिसणाऱ्या नायट्राइटच्या उंचवट्याचे हे एक कारण मानले जाते. म्हणून १ टक्का उजेडाच्या बाटलीत सुरुवातीचे आणि शेवटचे नायट्राइट मोजणे चुकवू नका.